पाच, सहा, पाच!

न्यू जर्सीत येऊन मला आठ वर्षं झाली. दात कधी दुखले नाहीत, म्हणून डेंटिस्टकडे फिरकलो नाही. ब्रश करताना रक्त दिसायचं, तेव्हा त्या जागी ब्रश फिरवायचाच टाळू लागलो. इथेच चुकलं.

गेल्या वर्षी विम्यात तपासणी फुकट आहे म्हणून गेलो. तिथल्या हायजिनिस्टने दात आणि हिरडीच्या फटीत बारीक सळई घालून आकडे वाचायला सुरुवात केली. "तीन, दोन, तीन... पाच, सहा, पाच." हे मिलिमीटर होते. तीनपर्यंत ठीक. त्यापुढे म्हणजे हिरडी दातापासून सुटून तिथे खिसा तयार झालेला. एक्स-रेमध्ये दातांभोवतीचं हाडही झिजलेलं दिसलं. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही, हे ऐकून मी हबकलोच.

मिरजेला बाबांचे दात पन्नाशीतच हलायला लागले होते. "आपल्या घराण्यातच आहे," म्हणून आम्ही सोडून दिलं. खरं तर बाबांना मधुमेह आहे. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर साखरही आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

दोन बैठकांत, भूल देऊन, हिरडीखालचं कीटण खरवडून काढलं. मला वाटलं, झालं काम! हायजिनिस्ट म्हणाली, "हे अर्धंच झालं. उरलेलं रोज तुम्ही करायचं." कारण साधं आहे. दातांवर जंतूंचा चिकट थर रोज नव्याने बसतो. तो काढला नाही तर काही दिवसांत कडक होतो, मग ब्रशने निघत नाही. आणि दोन दातांच्या मधे ब्रश पोचतच नाही.

आता मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्री फटींसाठी छोटा ब्रश. पहिले काही दिवस रक्त आलं, पण या वेळी थांबलो नाही. हळूहळू ते बंद झालं. तीन महिन्यांनी पुन्हा आकडे वाचले: बहुतेक तीन-चार, एकच पाच उरला. आता दर तीन महिन्यांनी तपासणी.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांना तो छोटा ब्रश दाखवला. "या वयात आता काय करायचंय?" ते म्हणाले. म्हटलं, "बाबा, उरलेत ते तरी राखूया." पुढच्या आठवड्यात ते मिरजेतल्या डेंटिस्टकडे जाणार आहेत. त्यांचे आकडे मी विचारणार आहे.