विद्यापीठ शिकविणार केव्हा?

दरसाल पदवीदान समारंभाचे दिवस आले म्हणजे आमच्या विद्यापीठांतून तीच ती भाषणे ऐकू येतात. अमुक हजार पदव्या दिल्या, अमुक सुवर्णपदके वाटली, निकाल अमुक दिवसांत लावला, असे आकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जातात. परंतु ज्या तरुणाच्या हाती ती पदवी पडली, त्यास तीन-चार वर्षांच्या अवधीत कोणी काय व कसे शिकविले, त्याची शंका कोणी ऐकून घेतली काय, त्याने लिहिलेला एखादा तरी निबंध कोणी खुणा करून त्याच्या हाती परत दिला काय, या प्रश्नांचा त्या भाषणांत उल्लेखही नसतो. हे मौन आकस्मिक नव्हे. त्याचे मूळ विद्यापीठाच्या जन्मातच आहे, व ते आमच्या सुज्ञ वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही आज योजिले आहे.

१८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्यास अनुसरून १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे तीन विद्यापीठे निघाली. मुंबईचा कायदा १८ जुलै १८५७ चा. त्याची प्रस्तावना वाचणारास एक गोष्ट तत्काळ दिसून येते. निरनिराळ्या विषयांत कोणी प्रावीण्य मिळविले आहे ते परीक्षा घेऊन ठरवावे, व त्याचा पुरावा म्हणून पदवी द्यावी, एवढाच हेतू तीत नमूद आहे. शिकविण्याचे नाव नाही! नमुना पुढे होता तो लंडनच्या विद्यापीठाचा, व ते विद्यापीठ त्या काळी केवळ परीक्षा घेणारे होते. शिकवावे महाविद्यालयांनी आणि मोजमाप करावे विद्यापीठाने, अशी ही वाटणी ठरली. म्हणजे पेढीवर तराजू आला, वजनमापे आली, मुनीम बसला. परंतु शेताकडे पाहणे हे पेढीचे काम नव्हे असे पहिल्याच दिवशी ठरून गेले. तराजू कितीही बिनचूक असला तरी त्याने धान्य पिकत नाही, हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल की, याच पद्धतीतून १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे पदवीधर बाहेर पडले ना? पडले खरे, परंतु ते बाहेर पडले ते परीक्षेमुळे नव्हे, तर एल्फिन्स्टनसारख्या संस्थेत विद्यार्थी थोडे होते व शिक्षकाची आणि त्यांची रोज गाठ पडत असे म्हणून. पुण्यास डेक्कन कॉलेजात केरूनाना छत्रे गणित शिकवीत असत. त्यांचे स्वतःचे शिक्षण विद्यापीठ निघण्यापूर्वीचे. तथापि टिळकांसारख्या विद्यार्थ्यास गणिताची गोडी लावणारा गुरू म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. पुढे १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय निघाले, तेव्हा आगरकर-टिळकांच्या मंडळीने एक नवीनच तत्त्व घालून दिले. ते असे की, जे शिकवितात त्यांनीच संस्था चालवावी व आपले आयुष्य तिला वाहून घ्यावे. गोखल्यांनी आपल्या उमेदीची वर्षे याच कामात घालविली. त्या पिढीचे नाव राहिले ते तिने शिकविण्याच्या कामास दुय्यम मानले नाही म्हणून.

आता ज्या लंडनचा कित्ता आम्ही गिरविला, त्याचे पुढे काय झाले तेही पाहावे. १८९८ साली तेथे नवा कायदा होऊन ते विद्यापीठ शिकविणारे विद्यापीठ झाले. मूळ बदलले, नक्कल मात्र कायम राहिली! १९०४ च्या कायद्याने हिंदुस्थानातील विद्यापीठांस अध्यापक नेमण्याची मोकळीक मिळाली. त्या कायद्याने सरकारचा पगडा वाढला म्हणून गोखल्यांनी त्यास विरोध केला तो रास्तच होता, परंतु ही एक वाट त्यात उघडी झाली हे कबूल केले पाहिजे. मुंबईत १९१९ साली अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांची शाळा निघाली, तीत प्रथम पॅट्रिक गेडीस व नंतर घुर्ये यांच्यासारखे विद्वान शिकवू लागले; १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. ही कामे भूषणावहच आहेत. परंतु हा लाभ मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणास व थोड्या निवडक शाखांस झाला. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणारा जो लाखोंचा समुदाय, त्याच्यापुरते विद्यापीठ पूर्वी होते तसेच परीक्षागृह राहिले. आज मुंबई विद्यापीठाशी सातशेहून अधिक महाविद्यालये संलग्न आहेत. एवढ्या विस्ताराच्या संस्थेस आपल्या नावाने पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याचे तोंडही दिसत नाही. दिसतो तो त्याचा बैठक क्रमांक.

बरे, जे एक काम विद्यापीठाने आपले मानले तेही कसे पार पडले याचा दाखला २०१७ साली मिळाला. त्या साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाईने निश्चय झाला. सतरा लाखांवर उत्तरपत्रिका, यंत्रणा अपुरी, तपासनीस गोंधळलेले. जूनच्या सुमारास लागावयाचे निकाल महिनोन् महिने रखडले, पुढील प्रवेशाच्या मुदती टळू लागल्या, आणि अखेर ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या काळी सर्वत्र चर्चा झाली ती यंत्राची, कंत्राटाची व तारखांची. परंतु त्या सतरा लाख उत्तरपत्रिकांत विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या विचाराचे असे किती होते, व घोकून उतरविलेले किती, हा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तराजू बिघडला म्हणून ओरड झाली. पोत्यात काय आहे ते पाहण्यास कोणी वाकले नाही.

पोत्यात काय आहे ते पाहू गेल्यास पहिले दुखणे शिक्षकांचे दिसते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात व त्यांवर ‘तासिका तत्त्वावर’ माणसे घेण्यात येतात. हा गृहस्थ पदव्युत्तर पदवी घेतलेला, पात्रता परीक्षा उतरलेला, पुष्कळदा पीएच.डी. झालेला असतो. त्यास तासामागे मोबदला मिळतो; सुटी आली की मोबदला बंद; पुढील वर्षी नेमणूक होईल की नाही ते ठाऊक नाही. म्हणून तो सकाळी एका गावी व दुपारी दुसऱ्या गावी तास घेत फिरतो. अशा माणसाने विद्यार्थ्यास थांबून शंका समजावून द्यावी असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? विद्यापीठ अनुदान मंडळाच्या २०१८ च्या नियमावलीने वर्षाकाठी किमान १८० दिवस अध्यापन व्हावे असे सांगितले. कागदावर दिवस मोजता येतात. शिकविणाऱ्याचे चित्त मोजता येत नाही. आणि जे कायम आहेत त्यांची तऱ्हा निराळी. २०१० पासून बढतीसाठी गुणांक जमविण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हापासून छापलेल्या निबंधांची गणती होऊ लागली, व निबंध छापून देण्याची दुकाने निघाली. वर्गात उत्तम शिकविणारा मागे राहिला व पाने भरणारा पुढे गेला. ज्यास बाजारात किंमत येते तेच पीक लोक काढतात. शिकविण्यास किंमत नसेल तर ते कोण मन लावून करील?

दुसरे दुखणे प्रश्नपत्रिकेचे. ज्याने शिकविले तो प्रश्न काढीत नाही, आणि ज्याने प्रश्न काढले तो विद्यार्थ्यास ओळखीत नाही. शेकडो महाविद्यालयांस एकच प्रश्नपत्रिका लावावयाची म्हटल्यावर ती सर्वांस झेपेल अशी, म्हणजे छापील मार्गदर्शकातून उतरविता येईल अशीच काढावी लागते. हे विद्यार्थी चांगले ओळखतो. तो मूळ ग्रंथ उघडीत नाही, वर्गात बसत नाही, शेवटच्या महिन्यात मागील पाच वर्षांचे प्रश्न पाठ करितो व पार होतो. त्याचा हा व्यवहार अगदी तर्कशुद्ध आहे. दोष त्याचा नव्हे, व्यवहार असा ठरविणाऱ्यांचा आहे.

तिसरे दुखणे भाषेचे. नगर, जालना, चिपळूण येथील मुलगा बारावीपर्यंत मराठीतून शिकतो व महाविद्यालयात पाऊल टाकताच त्याच्यापुढे इंग्रजी व्याख्यान सुरू होते. त्यास विषय कळत नाही असे नसते. तो कोणत्या शब्दांत विचारावा हे कळत नाही, व म्हणून तो गप्प बसतो. त्याच्या मौनास मंदपणा समजण्यात येते. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे एक अंगच होते. शंभराहून अधिक वर्षे लोटली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही भारतीय भाषांचा पुरस्कार केला. परंतु मराठीत चांगली पाठ्यपुस्तके लिहिणारास मान व वेतन दिल्याखेरीज धोरण वर्गापर्यंत पोचावयाचे नाही. इंग्रजी येऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही; शंका मात्र आपल्या भाषेत विचारण्याची मुभा असावी.

आमचा धंदा वकिलीचा. आम्ही कायदा शिकलो तो व्याख्यानांतून थोडा, व ज्येष्ठ वकिलांनी आमचे मसुदे तांबड्या शाईने खोडून परत दिले त्यांतून अधिक. आपली चूक आपल्या डोळ्यांपुढे आल्याखेरीज कोणतेही शिक्षण होत नाही. विद्यापीठाची उत्तरपत्रिका मात्र एकदा गेली ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली असा निर्णय दिला की, तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीस माहितीच्या अधिकाराखाली हक्क आहे. निर्णय उत्तम, परंतु ज्या देशात विद्यार्थ्यास स्वतःची वही पाहण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागले, तेथे ती वही शिकविण्याचे साधन आहे ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती हे सिद्ध होते.

तर मग उपाय काय? आमच्या मते चार गोष्टी अवश्य झाल्या पाहिजेत. पहिली, रिकाम्या जागा कायम स्वरूपाने भराव्या, व त्या भरेपर्यंत तासिकेवरील शिक्षकास वर्षभराची नेमणूक व नियमित वेतन द्यावे. दुसरी, जो शिकवितो त्याने निम्मे तरी गुण स्वतः द्यावे, व ते लेखी कामावर द्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याचे सत्रात निदान तीन निबंध वा प्रश्नसंग्रह तपासून शेऱ्यांसह परत मिळावे. तिसरी, मोठ्या वर्गास व्याख्यान द्यावयाचे ते द्यावे, परंतु आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मुलांची बैठक असावी, व तीत बोलावयाचे ते मुलांनी. चौथी, बढतीच्या वेळी वर्गातील कामाची पाहणी व्हावी, व तीत विद्यार्थ्यांचे मत निनावी घ्यावे.

यावर पहिला आक्षेप येईल तो पक्षपाताचा. घरचे गुण म्हणजे खैरात, असा अनुभव आहे, व तो खोटा नाही. परंतु खैरात थांबविण्यास सर्वांचे हात बांधण्याची जरूर नाही. बाहेरच्या परीक्षकाने प्रत्येक महाविद्यालयातील काही वह्या काढून तपासाव्या, व जेथे गुण फुगविलेले आढळतील तेथे ते उतरवून ती गोष्ट प्रसिद्ध करावी. जो व्यापारी हिशेबतपासनीस नेमतो तो मुनिमास वही लिहिण्याची बंदी करीत नाही. शिवाय स्वायत्त महाविद्यालयांस आपला अभ्यासक्रम व परीक्षा ठरविण्याची मोकळीक आहेच. मुंबईच्या सेंट झेवियर्सला ती २०१० साली मिळाली, व त्यामुळे आकाश कोसळले नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्चावा असे सांगितले, व २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. चोपन्न वर्षांनी तोच आकडा लिहावा लागतो याचा अर्थ पैशाची अडचण नसून इच्छेची आहे असा आम्ही करितो.

परंतु सर्व भार सरकारावर टाकून आपण मोकळे व्हावे हे आम्हांस पसंत नाही. कापसाचे व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठास १८६४ साली प्रथम दोन लाख रुपये दिले ते ग्रंथालयासाठी, व नंतर दोन लाख दिले ते मनोऱ्यासाठी. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले व तो सर्वांस दिसतो. ग्रंथालय त्याच्या पायथ्याशी आहे व ते फार थोड्यांस आठवते. आजचा देणगीदारही इमारतीवर नाव कोरून घेण्यास तयार असतो. त्याने आपल्या गावच्या महाविद्यालयात दोन तरुण शिक्षकांचे पाच वर्षांचे वेतन उचलले, तर त्याचे नाव दगडावर राहणार नाही, पण दरसाल शेदोनशे मुलांच्या तोंडी राहील.

आणि आईबापांस आमची एवढीच विनंती आहे. येत्या जूनमध्ये मुलास महाविद्यालयात घालावयास जाल तेव्हा ‘निकाल किती टक्के?’ हा प्रश्न विचारू नका. या विषयास कायम शिक्षक किती, वर्गात मुले किती, तपासलेले काम परत देता की नाही, व ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, हे चार प्रश्न विचारा. उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या दारी जा, व का गेला ते पहिल्या दारी सांगून जा. गिऱ्हाईक माल पाहू लागले म्हणजे दुकानदारास माल सुधारावाच लागतो. विद्यापीठास शिकविण्याची आठवण कायद्याने १८५७ साली करून दिली नाही. ती आता लोकांनी करून दिली पाहिजे.