लिंटेल गवंड्याच्या मर्जीवर सोडू नका!

शेतकरी बंधूंनो, चाकणच्या कारखानदारीमुळे महाळुंगे परिसरात कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधणे हा शेतीचा जोडधंदाच झाला आहे. पाया आणि स्लॅब यांची चौकशी आपण दहादा करतो. पण दार-खिडकीच्या डोक्यावरच्या लिंटेलचे काय? ते गवंड्याच्या मर्जीवर!

जुन्या वाड्यांत चौकटीवर सागाची जाड तुळई असे, नाहीतर एकसंध दगड. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. काँक्रीटचेही तसेच. ऊस गुडघ्यावर मोडून पाहा, गुडघ्याच्या उलट बाजूने तो आधी उकलतो. लिंटेलवर भार वरून येतो, म्हणजे उकलणार खालची बाजू. म्हणून मुख्य सळई खाली हवी आणि तिच्याखाली इंचभर काँक्रीट हवे. सळई थेट फळीवर टेकवली, तर ती उघडी राहून गंजते. लिंटेल दोन्ही बाजूंच्या भिंतींवर किमान सहा इंच टेकले पाहिजे, आणि दहा दिवस पाणी मारायला विसरू नका.

छज्ज्याचे मात्र उलटे. तो भिंतीबाहेर लोंबतो, त्यामुळे त्याची सळई वरच्या अंगाला. काँक्रीट टाकताना मजूर त्या जाळीवर पाय देतात, सळई खाली दबते आणि पुढे छज्जा भिंतीलगत तडकतो. त्या वेळी जातीने उभे राहा. वरची भिंत चढेपर्यंत टेकू काढू देऊ नका, कारण तिचे वजनच छज्ज्याला मागून धरते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती फुटून माळवदे अंगावर आली. त्यानंतरच्या पुनर्वसनात लिंटेलच्या पातळीवर सलग पट्ट्यावर भर दिला गेला. बैलगाडीच्या चाकाला जशी धाव, तसा हा पट्टा चारही भिंतींना एकत्र बांधतो. सुटी लिंटेले हे काम करीत नाहीत. कॉलम नसलेल्या, नुसत्या भिंतींवर उभ्या खोल्यांना तर तो हवाच. कोपऱ्यावर सळई तोडू नका, वळवून पुढच्या भिंतीत न्या. थोडे लोखंड, थोडे सिमेंट जादा लागेल, इतकेच.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनीही घरकुलाची पाहणी गिलाव्यानंतर करू नये. काँक्रीट पडण्याआधी एक चक्कर मारावी. एकदा गिलावा झाला, की सळई वर आहे की खाली, हे कोण सांगणार?