तीन दिवसांची बेगमी

जुलैचा शेवटचा आठवडा आला की कोल्हापुरात दोन माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न एकच असतो, "राजारामला किती?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेलं की धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. सांगलीत तेच काम आयर्विन पुलाजवळची मोजपट्टी करते. तिथले आकडे ४० आणि ४५. ऑगस्ट २०१९मध्ये राजारामला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि आयर्विनला ५७ फुटांच्या वर. दोनच वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, पंचगंगेनं राजारामला आपला हा आकडाही मागे टाकला.

२०१९मध्ये ज्यांच्या उंबऱ्याला पाणी शिवलंही नाही, हाल त्यांचेही झाले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरची वाट तुटली. नदीकाठची उपसा केंद्रं बुडाली, त्यामुळे शहराचे नळ कोरडे पडले. पेट्रोल रुग्णवाहिका आणि बचावकार्यासाठी राखून ठेवावं लागलं. दूध, भाजी, वीज, मोबाइल अशा एकेक गोष्टी हातातून सुटत गेल्या. ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांनी पहिल्याच दिवशी पाण्याचे जार आणि किराणा भरून घेतला. रोजंदारीवर जाणाऱ्याची मजुरी त्याच दिवशी थांबली होती आणि दुकानात शिल्लक राहिलेला माल त्याला चढ्या भावानं घ्यावा लागला.

म्हणून आधीपासून तयारी ठेवण्याची खरी गरज हात आखडून संसार करणाऱ्यालाच जास्त आहे, आणि ती त्याला परवडते, असं मी ठामपणे सांगेन. तयार 'आपत्कालीन किट' म्हणून जे विकलं जातं, त्यातल्या डबाबंद खाण्याशी आणि झोपायच्या पिशव्यांशी शिरोळ किंवा पलूस तालुक्यातल्या घराचा काही संबंध नाही. कोकणात पावसाआधी आगोट करतात: कडधान्य, सुकी मासळी, पापड, लोणचं, लाकूडफाटा. गोव्यात मे महिन्याच्या अखेरीस मडगावात पुरुमेंताचं फेस्त भरतं, ते याच भरणीसाठी. आपल्याला तशीच तीन दिवसांची छोटी बेगमी करायची आहे. गुढीपाडव्यापासून आठवड्याला पन्नास-साठ रुपये बाजूला टाकले, तर मृग लागेपर्यंत चार माणसांच्या घराची बरीचशी सोय होते. उशिरा सुरुवात केली तरी बिघडत नाही, कारण इकडचे मोठे पूर बहुतेक आषाढ-श्रावणातले. पैसे थोडे असताना ते कशावर आधी खर्चायचे, हा क्रम मात्र महत्त्वाचा आहे.

बहुतेक जण पहिल्यांदा खाण्याचा विचार करतात. माझ्या मते पहिला मान पाण्याचा.

कुरुंदवाडच्या आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या माळ्यावर कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या पोत्यात भरून ठेवलेल्या असतात. "काकू, एवढ्या बाटल्या कशाला?" म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पाण्याला रं. नळाचं पाणी आधी जातंय, नदीचं मागनं येतंय." पुराचा सगळा अनुभव त्या एका वाक्यात आहे. माणशी दिवसाला पिण्याचं आणि अगदी जरुरीपुरतं तीन लिटर धरलं, तर चार माणसांना तीन दिवसांसाठी ३६ लिटर लागतं, म्हणजे अशा अठरा बाटल्या. कार्यालयात लग्न झालं की त्या फुकट मिळतात, भंगारवाल्याकडे किरकोळ पैशात. उकळतं पाणी ओतलं तर त्या आक्रसतात. कोमट पाणी आणि साबणानं धुवायच्या, विसळून वाळवायच्या, झाकण लावून ठेवायच्या. वर्षभर भरून ठेवण्याचं कारण नाही. नदी पस्तीस फुटांच्या आसपास आली आणि पाऊस थांबायचं नाव घेत नसेल, त्या संध्याकाळी नळाला पाणी असतानाच भरायच्या. खाद्यतेलाचा पाच लिटरचा कॅन वापरायच्या पाण्याला चालतो. औषधफवारणीचा कॅन कितीही धुतला तरी चालत नाही. त्यात भांडी धुवायचं पाणीही ठेवू नये.

साठा संपला आणि गढूळ पाण्यावर वेळ आली, तर आधी तुरटी फिरवून ते निवळू द्यायचं आणि वरचं पाणी जुन्या सुती साडीच्या चार ते आठ पदरी घडीतून गाळायचं. या साडीला शास्त्राचा आधार आहे. बांगलादेशातल्या मतलब भागात रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग गावागावांत करून पाहिला आणि २००३मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले: साडीनं गाळलेलं पाणी पिणाऱ्यांत कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. जुनी साडी जास्त उपयोगी, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. तरीही नुसतं गाळून भागत नाही. गाळल्यावर पाणी चांगलं खळखळ उकळायचं, किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचं. मेडिक्लोर आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे मिळतं का, ते जूनमध्येच विचारून ठेवा. पूर आल्यावर तिथे रांग लागते.

पाण्यानंतर कागद. यावर कोणी फारसं बोलत नाही, पण गरिबाचं सर्वांत लांबणारं नुकसान इथेच होतं. भांडी चिखलातून काढून घासता येतात. भिजून लगदा झालेलं रेशन कार्ड, जातीचा दाखला, मुलीची दहावीची गुणपत्रिका पुन्हा काढायची तर तहसील आणि शाळेच्या खेपा, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. पंचनाम्यानंतरची मदत बँक खात्यावर येते, म्हणजे पासबुक हाताशी हवंच.

जाड पॉलिथिनची पिशवी घ्या. आधार, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा आणि आठ-अ, वीजबिल, मुलांचे दाखले, असेल तर जॉबकार्ड आणि अपंगत्वाचा दाखला, सगळं एका वहीच्या पुठ्ठ्याला लावून आत सरकवा. आतली हवा दाबून काढा. पिशवीचं तोंड दुमडून त्यावर हॅक्सॉचं जुनं पान अशा बेतानं धरा, की दुमड जेमतेम दोराभर बाहेर राहील. मग मेणबत्तीच्या ज्योतीवरून ती कड न थांबता एका चालीनं फिरवा. थांबलात तर भोक पडतं, घाई केलीत तर चिकटत नाही. एकदोन वाया घालवलेल्या पिशव्यांनंतर हात बसतो. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत उलट्या तोंडानं घालून तीही तशीच बंद करायची. बादलीत बुडवून पाहा. बुडबुडे आले नाहीत की काम झालं. रोज लागणाऱ्या मूळ कागदांच्या जागी झेरॉक्स ठेवायची. घरगुती प्रिंटरवरची शाईची प्रत बहुधा पाण्यात पसरते, झेरॉक्सची काळी पावडर सहसा तशी पसरत नाही. डिजिलॉकरमध्येही कागद ठेवावेत, पण बंद पडलेल्या फोनमधला कागद त्या दिवशी कामाला येत नाही. म्हणूनच आतल्या पुठ्ठ्यावर नातेवाइकांचे फोन क्रमांक पेन्सिलीनं लिहावेत, सोबत ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. आपल्याच लेकीचा क्रमांक पाठ नसलेली माणसं आज घरोघर आहेत.

ही पिशवी माळ्यावर टाकून निश्चिंत होऊ नका. २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी काही तासांत चढलं आणि तळमजले बुडाले. पंचगंगा माणसाला दोन-तीन दिवस देते, कोकणातली नदी एखादी रात्रही देत नाही. पिशवी दाराजवळच्या खिळ्यावर हवी आणि निघताना आपल्याबरोबर.

औषधांचं गणित सोपं आहे. ज्याला रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी रोज लागते, त्यानं दर महिन्याला दोन दिवसांच्या जास्त गोळ्या घ्यायच्या. पाच महिन्यांत दहा दिवसांचा साठा होतो, एकदम पैसे काढावे लागत नाहीत. जनऔषधी केंद्रात त्याच गोळ्या बऱ्याच स्वस्त पडतात. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे टिकतं, तेव्हा वीज गेली म्हणून ते फेकून देऊ नये. ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवावं आणि आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं. जुलाबांसाठी ओआरएसची चार पाकिटं ठेवा. तीही संपली, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकायचं नाही, लहान मुलाला जास्तीचं मीठ घातक ठरतं. घरातल्या मुलीबाळींसाठी धुतलेल्या सुती कापडाच्या घड्या किंवा पॅड वेगळ्या पिशवीत हवेत. निवारा केंद्रात ही गोष्ट मागायची सोय नसते आणि संकोचानं बायका दिवसेंदिवस हाल सोसतात. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून दवाखाना गाठावा, मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नये.

उजेडाला फार काही लागत नाही. एक टॉर्च, सेल बाहेर काढून ठेवलेले, म्हणजे ते फुटून आतले पत्रे खात नाहीत. दोन रुपयांची काडेपेटी आणि मेणबत्ती गोळ्यांच्या घट्ट झाकणाच्या डबीत. जुना बटणांचा फोन टाकून देऊ नका. चार्ज करून बंद ठेवला तर अडचणीच्या वेळी तो दोन-तीन दिवस साथ देतो. गळ्यात अडकवायची एक शिट्टी घ्या, अंधारात माणसाच्या हाकेपेक्षा तिचा आवाज लांब जातो. निघताना मेन स्विच बंद करायचा, गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खांबाला बांधायचा, कारण रिकामा सिलिंडर तरंगत जातो.

आता खाणं. चूल पेटणार नाही, हे धरूनच चालायचं. मोठ्या माणसाला दिवसाला २०० ग्रॅम पोहे आणि शेंगदाणे, फुटाणे, गूळ प्रत्येकी १०० ग्रॅम, एवढ्यातून साधारण दोन हजार कॅलरी मिळतात. भिजवायला पाणी नसलं तरी पोहे कोरडे चावता येतात. चौघांना तीन दिवसांसाठी अडीच किलो पोहे आणि बाकी तिन्ही जिन्नस सव्वा-सव्वा किलो. भाव गावागणिक बदलतात, पण हा माल साधारण पाचशे-सहाशे रुपयांत बसतो. तान्ह्याला आईचं दूध आणि म्हाताऱ्यांना सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून. भडंग आपला जीव की प्राण असला तरी चुरमुरे सादळतात आणि जागा खातात, ते वरखर्चाला ठेवा. हा माल वेगळा काढून कुलपात ठेवायचा नाही. महिन्याच्या किराण्यात नवीन पोहे आले की डब्यातले जुने न्याहारीला काढायचे आणि नवे डब्यात घालायचे. दमट हवेत शेंगदाणा खवट होतो, तोही असाच फिरता ठेवायचा. मग ही बेगमी जादा खर्च राहत नाही, महिनाभर आधी भरलेला किराणा होतो. २०१९मध्ये महाराष्ट्रभरातून मदतीचे ट्रक आले, बिस्किटं आणि जुने कपडे पुरून उरले. पण ते पोचले रस्ते खुले झाल्यावर, आणि मधले दिवस ज्याचे त्यानंच निभावले.

काही वस्तू एकट्यानं घेण्यात अर्थ नाही. पन्नास फूट नायलॉनचा दोर, मोठी चार्जिंगची बॅटरी, भोंगा हे गल्लीतल्या बचत गटानं मिळून घ्यावं. दहा घरांत विभागल्यावर वाटा जाणवतही नाही. जनावरांचंही गटानं ठरवावं: कुणाच्या माळावर न्यायची, टेम्पो कुणाचा, कडबा आधी कोण पोचवणार. पुरात घर न सोडणारी माणसं बहुधा गोठ्यासाठी थांबलेली असतात, आणि ते मला पूर्ण समजतं. दोन म्हशी हेच त्या घराचं बँकखातं असतं. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक कागदांच्या पिशवीत लिहून ठेवा आणि वेळ आलीच तर दावं कापायला विळा गोठ्याच्या दाराशी अडकवा. गुळाच्या काहिलीत बसवून माणसं पुरातून काढल्याच्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो, पण काहील कलंडते. ८ ऑगस्ट २०१९ला ब्रह्मनाळला बोट उलटली, तिच्यात गावातून बाहेर निघालेली माणसं होती.

बोटीची वेळ येण्याआधी निघायचं, त्यासाठी प्रत्येक घराला आपला एक आकडा माहीत हवा. इशारा पातळी आणि धोका पातळी साऱ्या शहराच्या; तुमच्या गल्लीच्या तोंडाला पाणी लागतं ते राजारामला किंवा आयर्विनला किती फूट असताना? २०१९ आणि २०२१ची खूण भिंतीवर अजून असेल. पोलीस पाटील, तलाठी किंवा कोपऱ्यावरचा जुना दुकानदार तो आकडा नेमका सांगेल. त्यातून तीन फूट वजा करा आणि उरलेला आकडा कालनिर्णयच्या जुलै-ऑगस्टच्या पानांवर मोठ्या अक्षरात लिहा. नदी तिथे आली की खिळ्यावरची पिशवी, पोह्यांचा डबा आणि जनावरं घेऊन माळावर जायचं, मग वर ऊन पडलेलं असलं तरी, कारण राधानगरी धरणाचे दरवाजे ऊन पाहून उघडत नाहीत.