कागद वळू नये म्हणून

माळ्यावर टाकलेल्या जुन्या तिवईचे पाय पुष्कळदा भक्कम असतात. विटलेला असतो तो केवळ वरचा भाग. त्यावर रंगवलेली कागदी फुले चिकटवून तिला नवे रूप देता येते. अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये महागड्या पौर्वात्य लाखकामाला पर्याय म्हणून ही कला बहरली. इंग्लंडच्या मेरी डिलेनी यांनी तर बहात्तरीच्या सुमारास कागदी फुले कातरण्यास आरंभ केला आणि दृष्टी मंदावेपर्यंत, दहा वर्षांत, जवळजवळ हजार चित्रे सिद्ध केली. तेव्हा वयाची सबब नको.

पहिल्याच प्रयत्नात कागदाच्या कडा वर उचलल्या जातात आणि आपला हिरमोड होतो. दोष मात्र थरथरत्या हाताचा नसतो. डिंकातील पाण्याने कागदाची एकच बाजू भिजते, तिचे तंतू फुगतात आणि कागद कोरड्या बाजूकडे वळतो.

यावर उपाय धीराचा आहे. पातळ ॲक्रेलिक रंगाने कागद आधी रंगवावा. वाळल्यावर हा रंग पाण्याने उतरत नाही. तो रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवावा. फुले कातरल्यावर ओल्या स्पंजाने दोन्ही बाजू किंचित दमट कराव्यात आणि कागद सैल पडेपर्यंत थांबावे. मग लाकडावर व कागदावर फेविकॉलचा पातळ हात द्यावा आणि मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे दाबत जावे. पूर्ण एक दिवस वाळल्यावरच पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्यावेत.

बोटे आखडत असतील तर कात्रीच्या मुठीला कापड गुंडाळावे, कोपर टेबलावर टेकवावे आणि वीस मिनिटांनी विसावा घ्यावा. जुना रंग स्वतः घासू नये. त्यात शिसे असू शकते आणि धूळ दम्यासही अपायकारक ठरते.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. घरातील वडीलधाऱ्यांची स्मृती क्षीण झाली असेल, तर कात्री व डिंक आपल्या हाती ठेवा. पण कोणते फूल कोठे लावायचे, हे त्यांनाच ठरवू द्या. एखादे फूल वाकडे बसले, तरी रात्री गुपचूप सरळ करू नका. तिवईवरील तेवढी जागा त्यांची आहे.