जुन्या नकाशांचे नियंत्रण-बिंदु व उपग्रहमोजणी

जुन्या कागदांतील सालाचा आंकडा शालिवाहन शकाचा, राजशकाचा, सुहूर सनाचा कीं फसलीचा हें ठरल्यावांचून काळनिर्णय होत नाहीं. अक्षांश-रेखांशांचेंहि तसेंच आहे. ते कोणत्या आधारावर मोजले हें ठाऊक नसेल, तर आंकडे बिनचूक असूनहि स्थळ चुकतें.

नकाशा ज्या निश्चित स्थळांवर उभारतात त्यांस नियंत्रण-बिंदु म्हणतात. लँब्टन यानें १८०२ सालीं मद्रासेजवळ पायारेषा मोजून जी मोजणी आरंभिली व पुढें एव्हरेस्ट यानें चालविली, तींत हे बिंदु उंच स्थळांवरून त्रिकोण साधून ठरवीत. पृथ्वीचा आकार एव्हरेस्टच्या १८३० च्या मानाचा धरीत, व गणिताचें मूळस्थान मध्य भारतांतील कल्याणपूर हें होतें.

उपग्रहमोजणींत त्रिकोणांची गरज नाहीं. ग्राहक-यंत्र किमान चार उपग्रहांचे संकेत घेतें व ते पोंचण्यास लागलेल्या वेळावरून आपलें स्थान काढतें. चौथा उपग्रह यंत्राच्या घड्याळांतील चूक निवारण्याकरितां लागतो. एकट्या हातयंत्रानें कांहीं मीटरांची चूक राहते. परंतु दुसरें यंत्र ज्ञात बिंदूवर ठेवून दोहोंनीं एकाच वेळीं दीर्घ निरीक्षण केल्यास ती सेंटिमीटरांवर येते. नियंत्रण-बिंदु अशाच रीतीनें स्थापितात.

या मोजणीचा आधार मात्र डब्ल्यूजीएस-८४ हा आहे. त्यांत पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आहे. एव्हरेस्टच्या मानांत ती सुमारें ८६० मीटर कमी, व गोलाचा मध्यहि निराळा. परिणामीं पुण्याजवळ एकाच बुरुजाचे दोन आधारांवरील आंकडे शंभर मीटरांहून अधिक अंतर दाखवितात. १:५०,००० च्या नकाशावर शंभर मीटर म्हणजे केवळ दोन मिलिमीटर. रानांत मात्र तेवढ्यांत शिलालेख हातचा जातो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा-धोरणानें खुली नकाशा-मालिका डब्ल्यूजीएस-८४ वर ठेविली. संग्रहांतील जुने नकाशे एव्हरेस्टच्याच आधारावरचे आहेत.

जुना नकाशा नव्यावर बसवितांना देवळाचें शिखर, बुरुज, बांधीव विहीर असे न हललेले बिंदु घ्यावे. वीरगळ जागा बदलतात, नद्या पात्र बदलतात. त्यांवर भिस्त ठेवूं नये. बिंदु नकाशाच्या चारी कडांस व मध्यें पसरलेले असावे, आणि दोनचार केवळ पडताळ्यासाठीं राखावे.

स्थळाच्या आंकड्यापुढें आधार, मोजण्याची रीत व दिनांक अवश्य लिहावा. तेवढ्यानें तो आंकडा पुढील संशोधकास पुराव्यादाखल उपयोगीं पडेल.