इतर हक्कात बहिणी

रेकॉर्ड रूमला खिडकी एकच, आणि तीही गठ्ठ्यांनी निम्मी झाकलेली. सर्च काढणारे काका सूची क्रमांक 2 चा जुना खंड उघडून ओळींवर लाकडी पट्टी सरकवताहेत. पानाला बोट लावत नाहीत. "बोट लावलं की कपचा निघतो," म्हणतात. गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, लिहून देणार, लिहून घेणार, रक्कम. निळी शाई, मग काळी, मग पुन्हा निळी, मध्येच एखाद्या कारकुनाचं मोत्यासारखं अक्षर. 2002 पासूनचे दस्त संगणकावर सापडतात, ते काकांनी काल रात्री घरी बसूनच काढलेत. त्याआधीचं हे असं, उभं राहून.

माझी भाची अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली आहे. सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके तिला आवडलाय. रीसेल आहे, इमारत 2008 ची. तिनं पाण्याचे तास विचारलेत, पार्किंग पाहिलंय, संध्याकाळच्या गर्दीत घर ते ऑफिस गाडी चालवून पाहिलीय. जमिनीचं विचारलं तेव्हा एजंट हसला होता: "टायटल एकदम क्लिअर ताई, त्या बिल्डिंगला तीन बँकांची लोनं आहेत." पुण्यात हे वाक्य ताईतासारखं गळ्यात घालून फिरतात. बँक तिच्या कर्जापुरतं बघते, आणि बहुतेक वेळा 30 वर्षंच मागे जाते, कारण 1963 च्या मुदत कायद्यात गहाण सोडवून घ्यायला तेवढी मुदत आहे. आमच्या वकीलबाईंचं त्यावर समाधान नाही. "मला कुळापासून हवंय," एवढंच त्यांनी काकांना सांगितलंय.

काका एका ओळीवर थांबतात. 1998, हक्कसोड पत्र. लिहून देणार एक बाई, लिहून घेणार तिचे तीन भाऊ. ते आकडा वहीत उतरवतात, पुढचं पान उलटतात, पुन्हा मागे येतात. "एकच आहे," स्वतःशीच म्हणतात. 1999 चा खंड काढतात, मग 2000, 2001. एका खंडाची शेवटची पानं फाटलेली आहेत, तसं ते वहीत लिहितात. अहवालातही तसंच छापून येणार: काही पाने जीर्ण व फाटलेल्या अवस्थेत. त्या फाटक्या पानांवर काय होतं याची जबाबदारी कोणीच घेत नाही, आणि घ्यावी तरी कशी!

शिवाजीनगर कोर्टाजवळच्या वकीलबाईंच्या ऑफिसात आमच्या आधी सहकारनगरचे एक आजोबा बसलेत. मांडीवर पिशवी, पिशवीत घडीच्या खुणा पडलेली कागदपत्रं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पेठेतलं बिऱ्हाड वाहून गेलं आणि सरकारनं पूरग्रस्तांच्या सोसायटीला जमीन दिली, त्यातला हा प्लॉट. दिली म्हणजे अटी घालून दिली; विकायचं तर परवानगी आलीच. आता अशा जमिनी पैसे भरून मालकी हक्काच्या करून घेता येतात. मुलगा अमेरिकेतून रोज विचारतो, झालं का? "घर माझं, जमीन सरकारची, आणि पूर दोघांचा," आजोबा हसून म्हणतात. त्यांचा नंबर लागतो.

मग आमचा. वकीलबाई टेबलावरचा चहा बाजूला करून फेरफारांच्या नकला तारखेप्रमाणे लावतात. पहिला कागद कूळ कायद्याचा. 1 एप्रिल 1957, कृषक दिन. त्या दिवशी कसणारा मालक झाल्याचं कायद्यानं मानलं. या सर्व्हे नंबरात भात घेणाऱ्या माणसाला पुढे 32 ग कलमाखाली किंमत ठरवून मिळाली, ती त्यानं हप्त्यांनी फेडली, मग 32 म चं प्रमाणपत्र. 43 व्या कलमाची विक्री परवानगीही जोडलेली आहे. वकीलबाई पेन्सिलीनं बरोबरची खूण करत जातात. इथवर सगळं चोख.

"आता हे वाच," त्या भाचीसमोर एक नक्कल सरकवतात.

भाची अडखळत वाचते. 1979. खातेदार मयत. वारस: पत्नी, तीन मुलगे, दोन मुली. मोठ्या मुलाचं नाव ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लावलंय. आई आणि दोघी बहिणी इतर हक्कात.

"इतर म्हणजे?"

"सातबाऱ्यावर उजवीकडचा रकाना. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, जायचायायचा रस्ता, असल्या गोष्टी त्यात लिहितात. बहिणीही."

"पण 1956 च्या वारसा कायद्यानं तर मुलीला..."

"सारखा वाटा. वडिलांनी स्वतः मिळवलेल्या जमिनीत सारखाच. 1994, 2005 च्या दुरुस्त्यांची इथं वाटही पाहायला नको." वकीलबाई पुढची नक्कल वर घेतात. 1999 ची वर्दी: आई मयत, बहिणींनी हक्क सोडला, सबब नावे कमी करावीत. खाली नोंद प्रमाणित झाल्याची सही. दोघींची नावं एकाच आडव्या रेघेनं कंसात गेलेली. "थोरलीचं हक्कसोड पत्र नोंदवलेलं आहे, काकांना सापडलं. धाकटीचं नाही. सोडला असं भावांनी तलाठ्याला सांगितलं. सांगण्यानं हक्क सुटत नाही, दस्त नोंदवावा लागतो. आणि फेरफार म्हणजे मालकी नव्हे, ती महसुलाची नोंद. 2006 च्या विकसन करारावर तिघा भावांच्या सह्या आहेत, थोरली मान्यता देणार. धाकटी कुठंच नाही."

काका खुर्चीच्या कडेला बसून ऐकताहेत. "मुंढव्याचं झाल्यापासून," ते मध्येच म्हणतात, "लोक जरा मागं बघायला लागलेत." 2025 च्या नोव्हेंबरात तिथल्या सुमारे 40 एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार गाजला तेव्हा वतन, इनाम, वर्ग 2 हे शब्द एकदम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आले. एरवी ते या टेबलापुरतेच.

मला त्या धाकटीचं कुतूहल वाटू लागतं. कुठं दिली असेल? मुळशीकडे, की भोरला? दिवाळीला माहेरी येत असताना भातखाचरात इमारत उभी राहताना तिनं पाहिली असेल. भाऊबीज घेऊन परत गेली असेल. बहिणीनं वाटा मागितला की माहेर तुटतं, हे आमच्याकडे कायद्याहून जुनं आहे. आता तिचा नातू कायदा शिकला असेल तर? टू बीएचकेची सगळी भीती त्या न केलेल्या सहीत आहे.

"सोसायटीच्या नावावर तरी जमीन झालीय का?" मी विचारते.

"नाही. मोफा, म्हणजे फ्लॅटमालकीच्या कायद्याप्रमाणे, सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं खरेदीखत करून द्यायचं. सातबारा अजून भावांच्याच नावावर आहे. बिल्डर टाळत असेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो, तोही सोसायटीनं केला नाही."

दुपारी आम्ही इमारतीपाशी उतरतो. भाचीच्या मोबाइलवर महापालिकेचा पूररेषांचा नकाशा आहे: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. इमारत निळीच्या बाहेर, लालच्या आत. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला रेषांशी देणंघेणं नाही. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेकपर्यंत विसर्ग गेला, पलीकडे एकता नगरीत लष्कर आलं, तेव्हा इथं काय झालं ते तो काउंटरवर हात ठेवून दाखवतो. "इथवर. साखरेची पोती गेली. तुम्हाला दुसरा मजला ना? मग घरात नाही येणार. गाडी मात्र मेन रोडला लावा." कुठल्याही सर्च रिपोर्टात हे नसतं. भाची ते मोबाइलमध्ये टिपून घेते, त्याच यादीत, वारसनोंदीच्या खाली.

वकीलबाईंचा मेसेज येतो. जाहीर नोटिशीचा मसुदा: तमाम लोकांस कळविण्यात येते की, वगैरे, हरकत असल्यास 14 दिवसांत. ज्या धाकटीसाठी ती द्यायची, ती पुण्याचं वर्तमानपत्र वाचते की नाही हा प्रश्न आहेच. म्हणून त्यांनी खाली लिहिलंय, तिला किंवा तिच्या वारसांना गाठून नोंदणीकृत मान्यता घेता आली तर उत्तम, नाहीतर हा फ्लॅट सोड.

तेवढ्यात एजंटचा फोन. भाची स्पीकर चालू करते.

"ताई, टोकन आज द्या. दुसरी पार्टी चेक घेऊन बसलीय."

"द्या की त्यांना. फक्त त्यांना जमीनमालकांच्या धाकट्या बहिणीचा पत्ता माहीत असेल तर मला कळवा, आमच्या वकिलांना हवाय."

"कुठली बहीण?" एजंट विचारतो.