विरंगुळा झाला, उंबरा राहिला

मुंबई-पुण्यात म्हातारपण पिढ्यान्‌पिढ्या थोडेथोडे मुरत आले. नवी मुंबईत ते एकगठ्ठा उतरले आहे. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला आणि मुंबईत घर न परवडणारी तिशी-चाळिशीतली नोकरदार जोडपी वाशी, नेरूळ, बेलापूरच्या सेक्टरांत येत राहिली. मे १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आल्यावर हा ओघ वाढला. शहराला तेव्हा शाळा आणि मैदाने हवी होती. पहिल्या लाटेत आलेली तीच माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि अनेकांची मुले पुणे, बेंगळुरू किंवा परदेशात. मूळ आगरी-कोळी गावठाणांत निदान भाऊबंद हाकेच्या अंतरावर असतात. सेक्टरांत तेही नाहीत.

या पिढीने स्वतःची सोय बरीचशी स्वतःच केली, हे आधी नोंदवले पाहिजे. राज्यात ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, फेस्कॉम, १९८० पासून उभा होता. त्याच धर्तीवर नवी मुंबईच्या नोडांत संघ निघाले, आणि १९९२ मध्ये कारभार सुरू केलेल्या महापालिकेने पुढे विरंगुळा केंद्रे बांधली. बँकांतून, सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्यांनी हिशेब, पत्रव्यवहार, आरोग्य तपासणी, हयातीचे दाखले, सहली असा सगळा व्याप बिनपगारी सांभाळला. ज्येष्ठांसाठीचे स्वयंसेवक मुख्यतः ज्येष्ठच होते. तरुणांची हजेरी १ ऑक्टोबरच्या, ज्येष्ठ नागरिक दिनाच्या सत्कारापुरती. पण हे सारे काम स्वतःच्या पायांनी केंद्रापर्यंत येणाऱ्यांसाठी होते. सिडकोच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाहीत. गुडघे थकले की सभासद यायचा थांबतो, वर्गणी थकते, पुढे यादीतून नाव गळते. ज्याला संघाची गरज सर्वांत जास्त, तोच असा संघाबाहेर पडतो. गेल्या तीन-चार दशकांच्या कामातली खरी उणीव मला इथे दिसते.

ती भरून काढता येते, याचा पुरावा २०२० ने दिला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, पासष्टीपुढच्यांना घरातच राहायला सांगितले गेले, मे महिन्यात वाशीची बाजार समितीही काही दिवस बंद होती. तेव्हा सोसायट्यांतल्या शेजाऱ्यांनी औषधे आणि किराणा दारात पोचवला. कोणत्या मजल्यावर कोण एकटे आहे, हे महिन्याभरात सर्वांना ठाऊक झाले. मग निर्बंध उठले आणि ही माहिती जशी जमली तशी विरली, कारण ती जपणे हे कोणाचेच काम नव्हते.

हे काम शेजाऱ्यांनी नेमाने करावे असे सुचवले की म्हटले जाते, ही जबाबदारी मुलांची आणि सरकारची. शेजाऱ्याने का उचलावी? कायदा त्यांच्यावरच बोट ठेवतो, हे खरे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यात मुलांकडून निर्वाह मिळवण्याची तरतूद आहे, निराधारांसाठी जिल्ह्यागणिक वृद्धाश्रमाचीही आहे. पण न्यायाधिकरण पोटगी ठरवू शकते, रुग्णालयाच्या रांगेत सोबत उभे राहू शकत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अनोळखी माणसाला एकट्या वृद्धाच्या घरात सोडायचे कसे? सोडूच नये. म्हणून तर हे काम त्याच इमारतीतल्या, संघाने पारखलेल्या दोघांच्या जोडीने व्हावे, आणि पैशाच्या व्यवहाराला हात लावायचा नाही हा नियम पहिला. तिसरे म्हणणे असे की ब्युरोची आया पैसे देऊन मिळतेच. ज्यांना परवडते त्यांना मिळते. पण ती सुट्टीवर गेली किंवा तिच्याविषयी तक्रार असली तर अंथरुणाला खिळलेल्याचे ऐकणारे तिसरे कोणीतरी लागतेच.

स्वयंसेवक टिकत नाहीत, ही शंकाही रास्त आहे. केरळने तिला कृतीने उत्तर दिले. १९९३ मध्ये कोळिकोडला सुरू झालेले वेदनाशमनाचे काम पुढे वस्त्यांत उतरले. थोडे प्रशिक्षण घेतलेले शेजारी आठवड्याचे मोजके तास देतात, जखम आणि कॅथेटर परिचारिका बघते, तिच्यामागे डॉक्टर असतो. २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले आणि पंचायतींना त्यात गोवले. भार वाटलेला आणि पाठीशी व्यवस्था असली की माणसे टिकतात. नुसत्या दयेच्या उमाळ्यावर नाही. नवी मुंबईची घडण वेगळी आहे, इथे ग्रामपंचायतीच्या जागी सोसायटी आणि प्रभाग आहेत, त्यामुळे केरळची नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. परिचारिका मात्र पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांतूनच यावी लागेल. तो भाग स्वयंसेवकांच्या माथी मारणे म्हणजे पालिकेने अंग काढून घेणे.

तोवर प्रत्येक संघाने एवढे करावे: गेल्या दोन वर्षांत यायचे थांबलेल्या सभासदांची यादी काढावी आणि पुढच्या सहलीची तारीख ठरवण्याआधी त्या प्रत्येकाच्या दारावरची बेल वाजवावी.